वादविवादाचे परीक्षण: ‘ख्रिस्ती धर्म समाजाला हितकारक ठरला आहे’ या विषयाला गुण कसे द्यावेत?

मिरजकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या भागातील एका जुन्या सार्वजनिक वाचनालयाने पुढील महिन्यात खुली वादविवाद सभा ठेवली असून ‘ख्रिस्ती धर्म समाजाला हितकारक ठरला आहे’ हा विषय निश्चित केला आहे. प्रत्येक बाजूला दोन वक्ते, प्रत्येकाला बारा मिनिटे, नंतर खंडनाची एक फेरी आणि शेवटी श्रोत्यांचे प्रश्न, असे सभेचे स्वरूप राहील. तीन परीक्षकांपैकी एक म्हणून मला बोलावले आहे. शालेय व महाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांचे परीक्षण मी बरीच वर्षे करीत आलो आहे. पण तेथील विषय ‘विज्ञान: शाप की वरदान’ या जातीचे असतात आणि निकाल कोणताही लागला तरी सभागृहातील कोणाचे मन दुखावत नाही. येथे श्रोत्यांत ख्रिस्ती कुटुंबे असतील, धर्मांतराविषयी तीव्र मते असणारे लोक असतील आणि केवळ कुतूहलाने आलेलेही असतील.

वाचनालयाने दिलेल्या गुणपत्रकात विषयाची मांडणी 30, पुरावे 30, खंडन 25 आणि भाषा व सादरीकरण 15 अशी विभागणी आहे. माझे अडते ते पुराव्याच्या तीस गुणांपाशी. अनुकूल बाजू मिरजेचे मिशन हॉस्पिटल पुढे करणार, हे सांगायला ज्योतिषी नको. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेल्या या रुग्णालयाशी आमच्याकडील कित्येक घरांचा पिढ्यानपिढ्यांचा संबंध आहे, त्यामुळे त्याचे नुसते नाव घेतले तरी टाळ्या पडतील. प्रतिकूल बाजू 1560 ते 1812 या काळातील गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज अमलातील कॅथलिक धर्मन्यायालय, काढणार, हेही तितकेच उघड आहे. एका पारड्यात रुग्णालय आणि दुसऱ्यात धर्मन्यायालय टाकून वजन करायचे, तर ते कोणत्या मापाने करावे?

दुसरा प्रश्न मतदानाचा आहे. सभेपूर्वी आणि सभेनंतर श्रोत्यांचे मत घ्यावे व त्यावरूनच विजेता ठरवावा, असा आयोजकांपैकी काहींचा आग्रह आहे. परीक्षकांनी याला संमती द्यावी काय? आणि शेवटची, थोडी नाजूक बाब अशी की, तीनपैकी एक परीक्षक ख्रिस्ती असल्याने एका सभासदाने त्यांच्या नियुक्तीला लेखी हरकत घेतली आहे. अशा विषयांचे परीक्षण केलेल्यांनी किंवा या इतिहासाचा अभ्यास असलेल्यांनी मार्गदर्शन करावे.

खंडनमंडन

मतदानाचा मुद्दा आधी घेतो, कारण त्यात हाताशी आकडे आहेत.

आपल्या विषयाच्या अगदी जवळ जाणारे दोन सार्वजनिक वाद जगभर पाहिले गेले. पहिला ऑक्टोबर 2009 मध्ये लंडनच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये झाला. कॅथलिक चर्चमुळे जगाचे भले होते, अशा आशयाचा ठराव होता. अनुकूल बाजूने नायजेरियातील अबुजाचे आर्चबिशप जॉन ओनैयेकन व ब्रिटिश खासदार ॲन विडिकम, तर प्रतिकूल बाजूने निरीश्वरवादी लेखक ख्रिस्तोफर हिचन्स व अभिनेते-लेखक स्टीफन फ्राय बोलले. सभेपूर्वी 678 अनुकूल, 1102 प्रतिकूल आणि 346 अनिश्चित अशी मते होती. सभेनंतर ती अनुक्रमे 268, 1876 आणि 34 झाली. स्वतःकडची 410 मते गमावणाऱ्या बाजूचा पराभव झाला, याविषयी वाद संभवत नाही. मात्र पराभव नेमका कशाचा झाला, हे परीक्षकाने पाहावे. समलिंगी व्यक्तींविषयीची चर्चची भूमिका आणि एड्सच्या साथीतही कायम राहिलेला निरोधाला विरोध, यांवर फ्राय यांनी भर दिला होता. हे आरोप एका विशिष्ट संस्थेच्या चालू धोरणांवरचे होते आणि ठरावही त्या संस्थेविषयीच असल्यामुळे ते तेथे चपखल बसले. आपल्या सभेतील वक्त्याने हेच आरोप उचलून सबंध ख्रिस्ती धर्माला चिकटवले, तर प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स पंथांना ते कसे लागू होतात, हे सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

दुसरा वाद 26 नोव्हेंबर 2010 रोजी टोरांटोमध्ये ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर आणि तेच हिचन्स यांच्यात झाला. येथे ठराव आणखी व्यापक होता; कोणत्याही एका धर्माविषयी नव्हे, तर धर्ममात्राविषयी होता. आधी 22 टक्के अनुकूल, 57 टक्के प्रतिकूल आणि 21 टक्के अनिश्चित. नंतर 32 विरुद्ध 68. हिचन्स यांनी दुपटीहून अधिक मतांनी बाजी मारली, असे ऐकल्यावर कोणालाही वाटेल की ब्लेअर पार झोपले. प्रत्यक्षात कुंपणावर बसलेल्या 21 टक्क्यांपैकी दहा ब्लेअर यांच्या पदरात पडले आणि अकरा हिचन्स यांच्या. अंतिम बहुमत हा निकष धरला, तर तिकिटे कोणी घेतली यावरच निकाल लागून गेला होता. आणि मतांतील बदल हा निकष धरला, तर दोघांत अवघ्या एका टक्क्याचा फरक उरतो. त्यातही, बदल मोजला जाणार हे आधीच ठाऊक असलेले समर्थक पहिल्या वेळी मुद्दाम ‘अनिश्चित’ लिहितात, हा अनुभव आपल्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांतही येतो. म्हणून श्रोत्यांचे मत जरूर घ्यावे, ते जाहीरही करावे, परंतु विजेता ठरवण्याचे काम त्यावर सोपवू नये.

आता पुराव्याकडे वळू. माझ्या मते परीक्षकाने रुग्णालय आणि इन्क्विझिशन यांचे परस्परांशी वजन करूच नये. किती रुग्ण वाचले आणि किती माणसांचा छळ झाला, यांची वजाबाकी करून धर्माचा ताळेबंद मांडणे परीक्षकाला जमणार नाही, आणि ते त्याचे कामही नव्हे. वक्ता श्रेय आणि दोष यांना एकच माप लावतो की नाही, एवढे त्याने काटेकोरपणे पाहावे. वॉनलेस यांना एका प्रेस्बिटेरियन (प्रॉटेस्टंटांपैकी एका पंथाच्या) मिशनने पाठवले, त्यांच्या सेवेमागे श्रद्धा होती, म्हणून रुग्णालय ही धर्माची देणगी, असे अनुकूल वक्ता म्हणत असेल तर तो युक्तिवाद ग्राह्य आहे. परंतु त्याच वक्त्याने पुढच्या मिनिटाला इन्क्विझिशन हे पोर्तुगीज सत्तेचे राजकारण होते, धर्माचा त्याच्याशी संबंध नाही, असे म्हटले की त्याने माप बदलले. उलट, प्रतिकूल वक्त्याने धर्मन्यायालय थेट बायबलाच्या माथी मारायचे आणि रुग्णालय मात्र ‘कोणीही चांगल्या माणसाने बांधले असते’ म्हणून उडवून लावायचे, हीदेखील तीच चलाखी आहे. पुराव्याच्या तीसपैकी निदान दहा गुण मी या एका कसोटीसाठी राखून ठेवतो.

गुलामगिरीचे उदाहरण दोन्ही बाजूंकडून हमखास येते, म्हणून तयारी असू द्या. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स यांची श्रद्धा आणि 1807 चा गुलामांच्या व्यापारावरील बंदीचा ब्रिटिश कायदा अनुकूल बाजू सांगेल. बार्बाडोसमधील कॉड्रिंग्टन मळे अँग्लिकन चर्चच्या एका धर्मप्रसारक संस्थेच्या मालकीचे होते आणि तेथे गुलाम राबत होते, ही दुसरी वस्तुस्थिती प्रतिकूल बाजूला ठाऊक असेलच असे नाही. पण ती ज्या वक्त्याला ठाऊक आहे आणि जो ती स्वतःहून सांगून तिचा परामर्श घेतो, तो कोणत्याही बाजूचा असला तरी माझ्याकडून खंडनात भरघोस गुण घेऊन जाईल.

जुनी_पाने

वरील प्रतिसादातील एकाच मापाचा आग्रह मला मान्य आहे. तरी महाराष्ट्राचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास त्या मापात पुरता बसत नाही, हे दाखवणारी दोन उदाहरणे मांडतो.

पहिले उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले; पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवले. पैसा प्रामुख्याने अमेरिकेतील देणगीदारांचा होता, आणि संस्थेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राखली जाईल या भरवशावर न्यायमूर्ती रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून उभी राहिली होती. काही मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात, असे पुढे आल्यावर 1893 मध्ये हे सल्लागार बाजूला झाले आणि ‘केसरी’ने रमाबाईंवर झोड उठवली. त्यानंतर केडगावची मुक्ती संस्था उभी राहिली आणि 1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो निराधार स्त्रियांना व मुलींना तेथे आणले. आता या घटनाक्रमाला हित म्हणायचे की अहित? ज्या बालविधवेला घरी केशवपन आणि उपासमार याखेरीज काही वाट्याला येणार नव्हते, तिच्या बाजूने पाहिले तर उत्तर एक येते. विश्वासाने मुलगी पाठवणाऱ्या पालकाच्या बाजूने पाहिले तर दुसरे. मी परीक्षक असतो, तर केवळ केडगाव सांगून 1893 गाळणाऱ्या वक्त्याचे आणि केवळ 1893 सांगून केडगाव गाळणाऱ्या वक्त्याचे सारखेच गुण कापले असते.

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, कारण त्यात लाभ घेणारे ख्रिस्ती झालेच नाहीत. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या मिस फरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि त्यातून आपल्याला प्रेरणा मिळाली, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. परंतु जोतीराव चर्चमध्ये गेले नाहीत. त्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला. त्याच सुमाराच्या दुसऱ्या टोकाला विष्णुबावा ब्रह्मचारी दिसतात. 1857 च्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी मिशनऱ्यांशी जाहीर वाद घातले आणि वेदोक्त धर्माची बाजू हिरिरीने मांडली. मिशनऱ्यांनी टीका केली नसती तर ही मांडणी इतक्या लवकर आणि इतक्या उघडपणे झाली असती काय, हा प्रश्न रास्त आहे. एखाद्या धर्माने दुसऱ्या समाजाला स्वतःकडे पाहायला भाग पाडले, तर ते त्या धर्माचे हितकार्य मानावे की त्या समाजाच्या अंगच्या ताकदीचे? माझे उत्तर असे की, वक्त्याने हा दुवा कागदोपत्री दाखवला, जसा फुल्यांच्या बाबतीत दाखवता येतो, तर श्रेय द्यावे. नुसते ‘मिशनरी आले म्हणून सुधारणा झाली’ असे ठोकून दिले, तर देऊ नये. सुधारणांना इंग्रजी राज्य, छापखाने, वर्तमानपत्रे आणि येथल्याच संतांची परंपरा अशी इतरही कारणे होती.

जाता जाता एक सांगतो. समुद्रकिनाऱ्यावरील त्या वादांना परीक्षक नव्हता. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी त्याच वर्षी इंग्रजीत वृत्तांत छापला, आणि विष्णुबावांच्या बाजूचा मराठी वृत्तांत नंतर निघाला. दोन्ही वाचले की एकच सभा दोन्ही पक्षांनी जिंकलेली दिसते! आपल्या सभेचे संपूर्ण ध्वनिमुद्रण करून ठेवावे, अशी आयोजकांना माझी विनंती आहे.

स्पष्टवक्ता_72

मुळात असा विषय सभेला घेणेच चूक आहे. उद्या दुसऱ्या धर्मावर घेतील, मग दगडफेक होईल. वाचनालयाने वाचनालयाचे काम करावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वसईवाला

स्पष्टवक्ता यांची काळजी अनाठायी नाही. तरीही मी ख्रिस्ती असून सभा व्हावी असेच म्हणेन. आमच्या घरात कित्येक पिढ्यांपासून मराठीची बोली बोलली जाते. पोर्तुगिजांचा वसईवरचा अंमल 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी संपवला, त्यानंतरही आमचे पूर्वज येथेच राहिले आणि शेतीवाडी करीत राहिले. या विषयाच्या मांडणीत मला एकच गोष्ट खटकते. ‘समाज’ एका बाजूला आणि ‘ख्रिस्ती धर्म’ दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी वक्ते नकळत करतात आणि आम्ही त्या समाजात धरलेच जात नाही. एक तर आम्ही इन्क्विझिशनचे वारस ठरतो, नाही तर रुग्णालयाचे दाते. परीक्षकांनी लक्ष ठेवावे की, वक्ता आज येथे राहणाऱ्या ख्रिस्ती माणसांविषयी काही बोलतो काय.

उदाहरणार्थ, ज्या दलितांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांच्या हिताचे काय झाले? अनुकूल वक्ता समतेचा संदेश सांगेल. पण गोव्यात बामण, चारडो आणि सुदीर हे जातींचे भेद बाप्तिस्म्यानंतरही टिकले आणि देशात इतरत्रही चर्चमध्ये जातिभेद उरला. दुसरीकडे, 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा प्रथम हिंदूंपुरता ठेवला. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो मिळाला, दलित ख्रिस्त्यांना मिळाला नाही. या माणसाचे नुकसान चर्चने केले, राज्याने केले की गावाने? या प्रश्नाला हात घालणारा वक्ता मला तरी मिरज आणि गोवा यांच्यापलीकडे गेलेला वाटेल.

आता माझ्याच बाजूचे एक श्रेय नाकारतो. वसईतील हरित वसई चळवळीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते आणि अनुकूल वक्ता त्यांचे नाव घेण्याचा संभव आहे. धर्मगुरू असल्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते, हे खरे आहे. पण त्या चळवळीत सर्व धर्मांची माणसे होती आणि वाचवायच्या होत्या त्या विहिरी, बागायती व शेतजमिनी. तिला ख्रिस्ती धर्माचे कार्य म्हटले तर सोबतच्या हिंदू शेतकऱ्यावर अन्याय होतो. तेच दिब्रिटो 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरूला हा मान का, अशी हरकत घेणारेही होते. त्यावरून आपल्या परीक्षकांवरील हरकतीकडे येतो. ख्रिस्ती परीक्षक पक्षपाती ठरणार असेल, तर हिंदू परीक्षकही त्याच न्यायाने ठरतो आणि नास्तिकही. मग परीक्षक आणायचा कोठून?

सासष्टीकर

गोव्याची असल्यामुळे इन्क्विझिशनविषयी दोनच गोष्टी लिहिते, कारण सभांमधून या विषयावर दोन्ही बाजूंनी ढिसाळ बोलले जाते. ‘ते सगळे राजाचे काम होते’ असे अनुकूल वक्ता म्हणाला, तर त्याला विचारावे की, गोव्यात इन्क्विझिशन हवे अशी मागणी करणारे पत्र 1546 मध्ये पोर्तुगालच्या राजाला पाठवणारे मिशनरी फ्रान्सिस झेवियर कोण होते? आणि प्रतिकूल वक्ता ते केवळ हिंदूंच्या विरोधातले होते असे म्हणाला, तर त्याला हे ठाऊक असायला हवे की, खटल्यांचा मोठा भाग बाप्तिस्मा घेतलेल्यांवरच होता; जुने सण, विधी किंवा रीतिरिवाज गुपचूप पाळल्याचा आरोप त्या नवख्रिस्त्यांवर येत असे. हिंदूंनाही त्याची झळ लागलीच, पण पहिला बळी नवख्रिस्तीच होता.

भाषेच्या बाबतीतही असाच पेच आहे. इंग्लंडहून आलेले जेझुइट (एका कॅथलिक धर्मसंघाचे) थॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध मराठीत लिहिलेले ख्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यात छापले गेले, आणि 1684 मध्ये त्याच गोव्यात व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला. सत्तर वर्षांच्या आत धोरणे इतकी पालटली असतील, तर ‘ख्रिस्ती धर्माने आमच्या भाषेचे असे केले’ असे एका वाक्यात सांगणाऱ्या वक्त्याला, त्याची बाजू कोणतीही असो, कोणत्या दशकाविषयी बोलता असे परीक्षकांनी विचारलेच पाहिजे.

मिरजकर

सर्वांचे आभार. आयोजकांशी बोलणे झाले. निकाल परीक्षकांकडे राहील आणि श्रोत्यांचे मत स्वतंत्रपणे जाहीर केले जाईल, हे त्यांनी मान्य केले आहे. पुराव्याच्या तीस गुणांपैकी दहा ‘श्रेय व दोष यांना समान निकष’ यासाठी वेगळे छापून घेत आहोत आणि ही अट वक्त्यांना आधीच लेखी कळवणार आहोत, म्हणजे नंतर कुरबूर नको. खंडनाच्या फेरीपूर्वी परीक्षकांना प्रत्येक बाजूला एक प्रश्न विचारता येईल. सासष्टीकर यांचा दशकाचा प्रश्न मी उचलत आहे. ख्रिस्ती परीक्षकांवरील हरकत कार्यकारिणीने फेटाळली. मात्र ‘जुनी_पाने’ यांच्या एका मताशी माझा मतभेद कायम आहे. फुल्यांसारखा दुवा कागदोपत्री सिद्ध झाला, तरी संपूर्ण श्रेय देण्यास मी तयार नाही. मिस फरार यांची शाळा पाहणारे अनेक होते. परत येऊन शाळा काढणारे जोतीराव एकटेच निघाले. हा मुद्दा प्रतिकूल वक्त्याने मांडला, तर तो मला बिनतोड वाटेल.

खंडनमंडन

मतदानासंबंधी एक तांत्रिक सूचना राहिली होती. लंडनच्या आकड्यांची बेरीज केली तर सभेपूर्वी 2126 आणि सभेनंतर 2178 मते येतात. म्हणजे दुसऱ्या वेळी निदान 52 मते अशी होती जी पहिल्या मोजणीत नव्हती. म्हणून मधून अर्धी करता येईल अशी एकच मतपत्रिका छापावी, दोन्ही अर्ध्यांवर सारखा क्रमांक टाकावा आणि जोडी न जुळणाऱ्या चिठ्ठ्या बाजूला काढाव्यात. मग कोणत्या क्रमांकाचे मत कोठून कोठे सरकले, हेही कळते. नुसत्या बेरजेवरून ते कळत नाही. दरवाजे पहिल्या वक्त्याच्या आधी बंद करता आले तर उत्तमच, पण आपल्याकडील सभांत ते होणे कठीण.